निराशा, वैराग्य आणि उपकारस्मरण

"आता कशातच अर्थ उरला नाही," असे एखादा स्नेही म्हणतो, तेव्हा त्यास काय उत्तर द्यावे? प्रश्न दिसावयास साधा आहे. परंतु ज्याच्या पदरी थोडेबहुत ज्ञान आहे त्याचीच येथे अधिक फसगत होते. अज्ञ मनुष्य निदान गप्प बसतो, जवळ सरकून पाठीवर हात ठेवतो. जाणता मात्र बोलू लागतो. त्याच्या मुखी वचने तयार असतात, आणि समोरच्याचे दुःख सांगून पुरे होण्याच्या आतच ती बाहेर पडतात.

वऱ्हाडात हा प्रश्न केवळ चर्चेचा नाही. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतून पसरलेला खारपाणपट्टा ज्याने पाहिला आहे, त्यास हे सांगावयास नको. तेथे विहीर खोदली तर पाणी लागते. पण ते खारे असते, पिण्याच्या कामाचे नसते, आणि पिकास देत राहिले तर काळी जमीनच बिघडते. म्हणून साऱ्या वर्षाची भिस्त आभाळावर. १९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसे गावोगाव अद्याप आहेत. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने उभ्या पऱ्हाटीतील बोंडे आतल्या आत पोखरली. बाहेरून झाड हिरवे, आणि बोंड उकलून पाहावे तो सरकी किडलेली. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून या भागातील शेतकऱ्यांच्या आत्मघाताच्या वार्ता थांबलेल्या नाहीत. अशा प्रदेशात 'कृतज्ञ राहा' हा उपदेश करताना बोलणाऱ्याची जीभ थोडी तरी अडखळली पाहिजे. ती अडखळत नसेल तर त्याच्या शांतीविषयीच शंका घ्यावी.

दोन मित्रांची कल्पना करावी. अशी जोडी वऱ्हाडात कोठेही सापडेल. एक अकोल्याकडे खारपाणपट्ट्यात शेती करणारा. दुसरा अमरावतीस शिक्षकी करून निवृत्त झालेला, ज्यास सारे गुरुजी म्हणतात. दोघेही वासनिक घराण्यांतले. लहानपणी दोघांनी आईबापांसमवेत रिद्धपूरची यात्रा केलेली, एकाच शिदोरीतील भाकरी खाल्लेली. पुढे एकाच्या वाट्यास पगार आला, दुसऱ्याच्या वाट्यास हंगाम आला. दिवाळीनंतर गुरुजी मित्राच्या गावी जातात. वेचणी अर्ध्यावर आलेली, भाव पडलेला. संध्याकाळी ओट्यावर बसून मित्र एकेक गोष्ट सांगतो: खताचे पैसे, बँकेचा कागद, शेती नको म्हणून शहरात गेलेला मुलगा. सांगून झाल्यावर म्हणतो, की देव आहे की नाही ठाऊक नाही, असला तरी त्याचे या गावाकडे लक्ष नाही. गुरुजी कळवळून म्हणतात, "अरे, परमेश्वराचे उपकार आठव, मनाला शांती मिळेल." मित्र त्यांच्याकडे पाहतो व म्हणतो, "मले उपकार नको सांगू गड्या. मले हे सांग, कापूस कोन्या भावानं जाईन?"

हे उत्तर फटकळ वाटेल. पण तत्त्वदृष्ट्या ते चोख आहे. मित्राने नकळत गुरुजींच्या वाक्यातील दोष दाखविला. 'उपकार आठव' असे म्हणताना गुरुजींच्या मनात तरी कोणते उपकार होते? बहुधा घर, अन्न, मुलेबाळे, धडधाकट शरीर. म्हणजे ज्या वस्तू आज आहेत व उद्या नसू शकतात, त्याच. अशा वस्तूंवर उभारलेली कृतज्ञता कापसाच्या भावाशीच बांधलेली असते. भाव चढला तर ती चढते, पडला तर पडते. सुगीच्या वर्षी ज्याने 'देवाने दिले' म्हटले, त्यास दुष्काळाच्या वर्षी 'देवाने नेले' असे म्हणावेच लागेल; आणि नेणाऱ्याचे आभार मानावयास सांगणे हे कोणत्याही सरळ मनुष्यास पटणार नाही. निराश मित्र कृतघ्न नसतो, तो हिशेबाला पक्का असतो, एवढेच.

आपल्या दर्शनाने या घोटाळ्यास मुळीच जागा ठेवलेली नाही. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर ही चार तत्त्वे सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी वेगवेगळी करून दाखविली. प्रपंचातील फळ नाशवंत आहे; देवतांकडून मिळणारे सुखही मुदतीचे आहे; कर्म भोगून संपते आणि पुन्हा नवे जडते. हे सारे ज्याने ऐकले आहे, त्याने 'सर्व ठीक होईल' असे मित्रास सांगणे हे त्याच्या शास्त्राप्रमाणे असत्य ठरते. पाऊस पडेल, भाव येईल, कर्ज फिटेल. कदाचित होईल, कदाचित होणार नाही. परमेश्वराने त्याची हमी घेतल्याचे कोठे सांगितलेले नाही. मग निराश मित्र संसाराविषयी जे बोलतो त्यात खोटे काय आहे? संसार दुःखरूप आहे असेच तो म्हणतो, आणि मार्गही तेच म्हणतो. निराशावाद्याचे निम्मे म्हणणे आपल्यास मान्यच आहे. हे प्रथम उघडपणे कबूल केल्यावाचून त्याच्याशी बोलणेच सुरू होत नाही.

येथे एक फसवी जागा आहे, आणि तीत भिक्षुमंडळीही कधीकधी सापडतात. मित्र म्हणतो, 'घर नको, शेत नको, माणसे नकोत.' ऐकणाऱ्यास वाटते, यास वैराग्य आले! शब्द तर तेच असतात. पण निराशा आणि वैराग्य यांत मोठे अंतर आहे. वैराग्यात मनुष्य आशा सोडतो. निराशेत आशा मनुष्यास सोडून जाते, आणि तो तिच्याकडे पाहत मागे राहतो. विरक्ताच्या हाती काहीतरी अधिक मोलाचे आलेले असते, म्हणून धाकटी वस्तू त्याच्या हातून आपोआप गळते. निराशाच्या हाती काहीच आलेले नसते. मूठ रिकामी असते आणि तरीही आवळलेली असते. ओळखण्याची खूण अशी, की विरक्त जगावर रागावलेला नसतो. ज्याच्या बोलण्यात अद्याप राग आहे, त्यास त्या क्षणी संन्यासाच्या गोष्टी सांगणे म्हणजे जखमेस अलंकार समजणे होय. तशा अवस्थेत घर सोडून आलेला मनुष्य मठात येऊनही घरच घेऊन बसतो, हा अनुभव नवा नाही.

मग प्रश्न उरतो तो असा. नाशवंत फळांसाठी कृतज्ञता मानावयाची नाही, आणि पुढे बरे होईल असे वचनही द्यावयाचे नाही. तर कृतज्ञतेस आधार कोणता?

याचे उत्तर शब्दांनी देण्यापेक्षा रिद्धपूरच्या वृत्तान्ताने अधिक स्पष्ट होते. अमरावती जिल्ह्यातील हे गाव. श्रीगोविंदप्रभूंचे वास्तव्य येथले. ते मुलांत खेळले, मातंगांच्या घरी गेले, कोणाच्या हातचे खावे व कोणाच्या हातचे खाऊ नये हा विधिनिषेध त्यांनी पाळला नाही. गावातील लोक त्यांस माय आणि बाप अशा दोन्ही नावांनी हाक मारीत. तेराव्या शतकाच्या आठव्या दशकात सर्वज्ञांनी उत्तरापंथे गमन केले, तेव्हा मागे राहिलेल्या मंडळींवर जे कोसळले त्यास निराशा हा शब्द अपुरा आहे. भटोबासांस हा वियोग किती असह्य झाला, हे स्मृतिस्थळाच्या वाचकांस माहीत आहे. ज्यांच्या सन्निधानात चालणे, बसणे, जेवणे हेच जीवन होते, ते सन्निधान उरले नाही. पुढे सर्वज्ञांच्या आज्ञेप्रमाणे ही मंडळी रिद्धपुरास श्रीप्रभूंच्या सेवेत राहिली. आणि कालांतराने श्रीप्रभूंचेही निर्याण झाले. दोन्ही वेळा पाठीमागे असन्निधानच उरले.

आता लक्षात घ्यावे, की भटोबासांस या दुःखात कोणी 'सर्व ठीक होईल' असे सांगितल्याचे परंपरेत नाही. ते सांगता येण्यासारखे नव्हतेच; गेलेले सन्निधान परत येणार नव्हते. परंपरेत आहे ते निराळेच. भटोबास लीळांचे स्मरण करीत. सराळ्याचे पंडित म्हाइंभट, ज्यांनी विद्या व संपत्ती दोन्ही बाजूस ठेवून मार्ग धरला होता, त्यांनी भटोबासांस पाहिले व विचारले, की आपण हे काय करता? स्मरण करतो, असे कळल्यावर त्यांनी भटोबासांचे सांत्वन केले नाही. ते स्मरण आपल्यास सांगावे, म्हणजे ते लिहून ठेवता येईल आणि पुढे येणाऱ्या मंडळीस त्याचा आधार होईल, अशी विनंती त्यांनी केली. त्यांच्या प्रश्नातून काम उभे राहिले. रिद्धपूरच्या वाजेश्वरीत लीळाचरित्र सिद्ध झाले. भटोबासांनी सांगावे, म्हाइंभटांनी लिहावे; आणि ज्या लीळा इतरांच्या पाहण्यातल्या, त्यांसाठी म्हाइंभटांनी ठिकठिकाणच्या माणसांस गाठून विचारावे. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ, असे आज विद्वान म्हणतात, आणि त्या गावी महाराष्ट्र शासनाने मराठी भाषेचे विद्यापीठही स्थापन केले आहे. ही थोरवी आहेच. परंतु हा ग्रंथ दोन दुःखी माणसांच्या संभाषणातून निघाला, ही गोष्ट सहसा कोणी बोलत नाही.

म्हाइंभटांनी भटोबासांस जे विचारले, ते सारे घडून गेलेल्याविषयी होते. जे घडून गेले त्यास दुष्काळ लागत नाही. परमेश्वराने अवतार स्वीकारला, या भूमीवर पायी हिंडला, बायाबापड्यांस समजेल अशा मराठीत ज्ञान सांगितले. हे झाले आहे. झालेली गोष्ट न झालेली करण्याची शक्ती काळासही नाही, मग बोंडअळीस कोठून असणार? कृतज्ञतेचा खरा आधार हा आहे. आज जवळ काय आहे याची मोजदाद ती करीत नाही, उद्या काय मिळेल याची वाटही पाहत नाही. जो उपकार एकदा झाला आहे आणि परत घेतला जाणार नाही, त्याकडे ती वळून पाहते. म्हणूनच आपल्या मार्गात स्मरणास एवढे स्थान आहे: नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांचे स्मरण. उपकारस्मरण हा शब्द आपण सहज वापरतो. त्यातील 'स्मरण' या अर्ध्या भागाकडे मात्र दुर्लक्ष करतो आणि नुसते 'उपकार' मित्राच्या अंगावर फेकतो.

यावर कोणी म्हणेल, की पोथी तरी कोठे टिकली? आक्षेप रास्त आहे. परंपरा सांगते की पुढे खिलजीच्या सैन्याच्या धाडीत म्हाइंभटांची मूळ प्रत नाहीशी झाली. तेव्हा ज्यांनी ती मुखोद्गत केली होती त्यांच्या आठवणीतून ती पुन्हा लिहिली गेली. हिराइसेचा पाठ, पिढीपाठ असे निरनिराळे पाठ त्यातून निर्माण झाले. त्यांत फरक आहेत, आणि अभ्यासक आजही त्यांवर वाद घालतात. वाद घालावेत, ते योग्यच आहे. पण पाठभेदांच्या या जंजाळाकडे थोडे निराळ्या दृष्टीनेही पाहता येईल. प्रत्येक पाठभेद म्हणजे कोणीतरी, सारे लुटले गेल्यावर, बसून आठवीत होते याची खूण आहे.

ओट्यावरील दोघांकडे परत यावे. गुरुजींनी काय करावयास हवे होते? मित्राचे वाक्य खोडून काढणे हे त्यांचे काम नव्हते. लीळाचरित्रात सशाची लीळा आहे. पारध्यांनी पिटाळलेला ससा धापा टाकीत आला व सर्वज्ञांच्या मांडीखाली शिरला. मागून पारधी आले. सर्वज्ञांनी सशास भयाचे मिथ्यात्व समजावून सांगितले नाही, की तुझे प्राण नाशवंत आहेत असेही सांगितले नाही. जे सांगावयाचे ते पारध्यांस सांगितले, की हा शरण आला आहे. सशास फक्त जागा दिली, आणि भय ओसरल्यावर जावयास मोकळे केले. ज्यांचे ज्ञान अनंत होते त्यांनी भ्यालेल्या जीवास आधी मांडी दिली. आपले ज्ञान तर मोजके आहे. त्याची एवढी घाई कशास? गुरुजींजवळ मित्रास देण्याजोगी पहिली वस्तू त्यांचा वेळ ही होती. बँकेचा कागद हाती घेऊन वाचणे, कृषी अधिकाऱ्याकडे बरोबर जाणे, दोन दिवस मुक्काम वाढविणे. शास्त्राच्या आधी हे यावयास हवे होते, आणि याने शास्त्राचा काही अपमान होत नाही.

थोर पुरुषांचे शब्द उसने घेताना येथे विशेष सांभाळावे लागते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांची गोष्ट वऱ्हाडात सर्वांस ठाऊक आहे. कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असता त्यांस एकुलता मुलगा गेल्याचे कळले, आणि त्यांनी कीर्तन थांबविले नाही. कोट्यवधी माणसे जातात, एकासाठी किती रडावे, अशा आशयाचे त्यांचे उद्गार घरोघर सांगितले जातात. ते मार्गातले नव्हते, पण त्यांच्या धैर्यापुढे कोणीही मान लववावी. मात्र बाबांनी ते शब्द स्वतःच्या दुःखाविषयी उच्चारले. तेच शब्द शेजाऱ्याच्या मुलाच्या चितेजवळ उभे राहून कोणी त्या बापास ऐकविले, तर त्यास धैर्य म्हणता येईल काय? स्वतःच्या दुःखाविषयी जो शब्द वैराग्य ठरतो, तोच दुसऱ्याच्या दुःखाविषयी निष्ठुरपणा ठरतो. शब्द बदललेला नसतो, बोलणाऱ्याची जागा बदललेली असते. शांत मनुष्याने आपली शांती आपल्या संकटांसाठी राखून ठेवावी. मित्राच्या संकटात तिचा उपयोग एवढाच, की त्याचे कठोर बोलणे ऐकताना आपण चिडू नये व पळूनही जाऊ नये.

यावर असा एक विचार पुढे येतो, की मग शांत व निराश दोघेही आपापल्या ठिकाणी बरोबरच म्हणावयाचे काय? दृष्टान्तपाठात केसोबासांनी सर्वज्ञांचे ११४ दृष्टान्त एकत्र केले. त्यांत आंधळ्यांचा व हत्तीचा दृष्टान्त सर्वपरिचित आहे. त्यातील कोणीही खोटे बोलत नाही, हे ध्यानात ठेवावे. पाय चाचपणारा खांब म्हणतो तेव्हा त्याच्या हाताखाली खरोखरच खांबासारखे काही असते. निराश मित्राच्या हाती दुःखाचा पाय लागला आहे. पण गुरुजींच्या हाती तरी सबंध हत्ती कोठे आहे? निवृत्तिवेतनाच्या सावलीत बसून आलेली शांती हीदेखील एक शेपटीच असू शकेल. ती किती खरी आहे हे त्यांस त्यांचे निवृत्तिवेतन बंद पडेल तेव्हाच कळेल. दोघांत फरक असलाच तर तो असा, की एकाने हत्ती पाहिलेल्या डोळस पुरुषाचे बोलणे ऐकून ठेवले आहे आणि त्यास ते आठवते. दुसऱ्यानेही तेच ऐकले होते, पण त्यास आज ते आठवत नाही. म्हणजे श्रेष्ठ-कनिष्ठ असा प्रश्न उरत नाही. आठवण देण्याचा प्रश्न तेवढा उरतो, आणि आठवण वाद घालून देता येत नाही.

एक गोष्ट मात्र आडवळणाने न सांगता सरळ सांगितली पाहिजे. काही निराशा विचारातून येत नाही, शरीरातून येते. झोप उडते, अन्न गोड लागत नाही, मनुष्य महिनोन्महिने कोणाशी बोलत नाही, मरणाची भाषा करतो. हा रोग आहे. त्यास ज्वराप्रमाणेच वैद्य लागतो, आणि दवाखान्यात नेल्याने कोणाची श्रद्धा उणी ठरत नाही. मित्राच्या तोंडी मरणाची भाषा आली तर त्यास त्या रात्री एकटे सोडू नये, घरच्या माणसांस सांगावे, औषधांचे डबे व दोर नजरेआड करावेत, आणि शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावावा. जीवहिंसेस आपण जितके भितो, तितकेच या हिंसेसही भ्यावे. येथे तत्त्वचर्चेस जागा नाही.

उरलेल्या निराशेशी, म्हणजे जी खरोखर एक मत म्हणून मनात ठाण मांडून बसते तिच्याशी, कसे वागावे याचा धडा म्हाइंभटांपासूनच घेता येईल: मत देऊ नये, विचारावे. गुरुजींनी दुसऱ्या दिवशी तसे केले अशी कल्पना करू. शेताच्या बांधावर चालताना त्यांनी उपकारांचे नाव काढले नाही. त्यांनी विचारले, "आपण रिद्धपूरला गेलो होतो तेव्हा तुझ्या आईनं वाटेत कोणती लीळा सांगितली होती रे? मला अर्धीच आठवते." मित्र बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, की सशाची नव्हे, दुसरीच कोणती तरी होती. आठवू लागला. आई कशी सांगायची, मध्येच थांबून कशी विसरायची, बाबा तिची चूक कशी काढायचे, हे सारे निघाले. लीळा पुरती आठवली नाहीच. दोघांत दोन पाठ झाले, आणि कोणता खरा यावर दोघे बांधावरच भांडले. गुरुजींच्या ध्यानात आले, की कालपासून मित्राने प्रथमच कापसाखेरीज दुसऱ्या विषयावर आवाज चढविला होता.

भाव त्या दिवशीही चढला नाही. मित्राने 'मला शांती मिळाली' असे म्हटले नाही, आणि गुरुजींनी विचारलेही नाही. अमरावतीस परतताना मूर्तिजापूरच्या स्थानकावर गाडीची वाट पाहत गुरुजी स्वतःशीच ती लीळा जुळवीत बसले होते. घरी गेल्यावर पोथी काढून पाहावी, असे त्यांनी ठरविले. पुढच्या हंगामात मित्र पुन्हा तेच वाक्य म्हणेल, हे त्यांस ठाऊक होते; आणि तेव्हा पुन्हा जावे लागेल म्हणून त्यांनी पंचांगात वेचणीच्या दिवसांवर खूण करून ठेवली.